एकेचाळिसावी प्रत

१

तिसरा गिलास कोणाचा होता?

आदेशनं हे ठाण्यातल्या साहेबाला विचारलं, घरमालकाला विचारलं, पंचनाम्यावर सह्या करणाऱ्या शेजाऱ्यांना विचारलं. प्रत्येकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसरीकडे पाहिलं.

पिपरी मेघेतल्या भाड्याच्या खोलीत त्याची मोठी बहीण रोशनी आणि भाऊजी अंकित, दोघंच राहायचे. मागच्या मे महिन्यात, भर दुपारी अडीचला, त्यांच्याच घरच्या वरवंट्यानं कोणीतरी दोघांची डोकी फोडली. भाऊजींचा चेहरा ओळखू येत नव्हता. रोशनीच्या उजव्या हाताची बोटं उलटी वाकली होती, कारण तिनं तो हात डोक्यावर धरला होता. रक्त छताच्या पंख्यापर्यंत उडालेलं. आणि एवढ्या सगळ्यात माठाजवळच्या स्टुलावर स्टीलचे तीन गिलास नीट उभे होते. तिसऱ्यात अर्धं पाणी होतं.

दाराची कडी तुटली नव्हती. तुटायचं कारणच नव्हतं. मे महिन्यात इकडे दुपारी दार वाजलं की उघडणारा चेहरा पाहत नाही. चेहरा दिसतच नाही. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. सख्खा बाप दारात उभा असला तरी आवाजानंच ओळखायचा. उन्हातून आलेल्याला आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं, मग कोण-कुठला ते विचारायचं. पाणी प्यायला तो दुपट्टा सोडतो, तेव्हा कळतं कोण आलंय.

गल्लीतल्या चार जणांनी त्याला आत जाताना पाहिलं होतं. कसा होता?

पांढरा दुपट्टा बांधला होता.

त्या दुपारी गल्लीत दुपट्टा न बांधलेला एकही माणूस नव्हता.

२

अकरा महिन्यांनी ठाण्यातून लॅपटॉप परत मिळाला. सीलबंद पाकिटात, स्क्रीनच्या ठिकऱ्या झालेला. त्या दिवशी तो टेबलावर दाराकडे तोंड करून उघडा होता. भाऊजी त्यावर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे. आतली माहिती पोलिसांनी उतरवून घेतली होती. कामाचं काही निघालं नाही. फोटो त्यांनी वेगळे काढून दिले, तेवढे आईनं ठेवून घेतले.

"डिस्क चांगली असंन तं जयाच्या लॅपटॉपात टाकून दे," आई म्हणाली. "तिची डिस्क खराब झाली. पोरगी रडून राह्यली, अभ्यास होत नाई म्हणते."

जया सगळ्यांत धाकटी, नर्सिंगला. आदेश मधला. नववीत दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा गेलाच नाही. मास्तर बहिणीवरून काही बोलला म्हणून त्यानं फळ्याचं डस्टर त्याच्या तोंडावर फेकून मारलं होतं, ते प्रकरण वेगळं. पाच वर्षांपासून तो वर्ध्यात गोपालभाऊंच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात होता आणि जुन्या डिस्का तपासण्याचं काम त्याच्याइतकं बारकाईनं कोणी करत नसे. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि रंग पुरेसे होते. निळा म्हणजे तब्येत चांगली, पिवळा म्हणजे संशय, लाल म्हणजे भंगार. त्याखाली एक आकडा असतो, डिस्क जन्मापासून किती तास चालू होती त्याचा. गाडीच्या किलोमीटरसारखा. तो कोणाला मागे फिरवता येत नाही.

त्यानंतर फेरी. गोपालभाऊंच्या साळ्याच्या वरातीचा चार जीबीचा व्हिडिओ होता, अल्लीपूरचा, बावन्न मिनिटांचा. डिस्क कोरी करायची आणि ती काठोकाठ भरेपर्यंत तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा तिच्यावर उतरवायचा. मग एक प्रोग्राम प्रत्येक प्रत मूळ व्हिडिओशी ताडून पाहतो. जुळली की हिरवी खूण. अर्ध्या तासाचं काम.

"माह्या नाचानं जे डिस्क मरत नाई, ते धा वर्षं मरत नाई," गोपालभाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे. वरातीत काळा चष्मा लावून सर्वांत पुढे तेच नाचत होते.

शनिवारी संध्याकाळी आदेशनं रोशनीच्या घरची डिस्क काढली, टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडली. निळा रंग. तब्येत सत्त्याण्णव टक्के. तास नऊ हजार आठशे शहात्तर.

"अबे, एवढे?" गोपालभाऊ मागून वाकले. "तुहा भाऊजी रात्री झोपत नव्हता काय बे?" मग त्यांनी जीभ चावली. "जाऊ दे. सोमवारी फेरी लाव."

सहा वाजता त्यानं केबल काढली, डिस्क ड्रॉवरमध्ये टाकली. रविवारी दुकान बंद.

सोमवारी सकाळी दहाला जोडली. नऊ हजार नऊशे सोळा.

त्यानं बोटांवर मोजलं. शनिवारचे सहा, रविवारचे चोवीस, आजचे दहा. चाळीस. डिस्क ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवरला कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात.

मग त्यानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर दुसरा हिशेब मांडला. अकरा महिन्यांचे तास वजा केले. अठराशेच्या वर उरले. भाऊजींनी लॅपटॉप वर्षभर वापरला होता, रोज पाचेक तास.

म्हणजे मे महिन्याच्या त्या दुपारपासून ती डिस्क एकदाही बंद झालेली नव्हती.

३

"काउंटर येडा झाला असंन," गोपालभाऊ म्हणाले. "होते कधी कधी. फेरी लाव."

आदेशलाही तेच वाटलं. वाटून घेतलं. फेरी लावली. एकोणसाठ प्रती मावल्या, ताडून झाल्या. चाळीस हिरव्या, मग एक लाल, मग पुन्हा सगळ्या हिरव्या.

एकेचाळिसावी प्रत नऊ सेकंदांनी लांब होती.

त्यानं ती शेवटाकडे सरकवून लावली. नवरदेव घोड्यावरून उतरला, बँड थांबला. व्हिडिओ इथं संपतो. हा संपला नाही. स्क्रीन काळी झाली, कूलरचा घरघराट ऐकू आला, आणि काळं हळूहळू उजळलं.

समोर खोली होती. टेबलाच्या उंचीवरून दिसणारी. दार, खाट, माठ. भाऊजी खाटेवर बनियनवर बसले होते, पायाचं नख कापत. रोशनी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या करत काहीतरी गुणगुणत होती. दार वाजलं. दोनदा, थांबून एकदा.

संपलं.

आदेश स्क्रीनला नाक लागेल एवढा पुढे वाकला. पोलिसांना हे सापडलं नाही? कॅमेरा चालू होता? पण डिस्क तर आत्ता कोरी केली, त्यानं स्वतः केली, तिच्यात वरातीशिवाय काही असूच शकत नव्हतं.

"भाऊ, इकडं या. हे पाहा."

गोपालभाऊंनी डोळे बारीक करून पाहिलं. "काय पाहू? काळं तं हाये."

"खोली दिसत नाई तुमाले? ताई दिसत नाई?"

"आदेश." गोपालभाऊंचा आवाज मऊ झाला. "पाणी पे. पोर गेली आपली, मले समजते." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो हात थांबला. ते स्पीकरकडे पाहू लागले.

"हा कूलर कोणाच्या घरचा हाये बे?"

४

दुसरी फेरी आदेशनं त्यांना न सांगता लावली. एकेचाळिसाव्या प्रतीत आता वीस सेकंद जास्त होते. दार वाजलं, रोशनी उठली. ओढणी सावरत, गुणगुणतच गेली आणि कडी काढली. बाहेरचं ऊन आत सांडलं. त्या पांढऱ्या उजेडात उभा एक माणूस. पांढरा दुपट्टा, काळा चष्मा.

हिशेब सोपा होता. एक फेरी म्हणजे दहा-बारा सेकंद पुढे. तो आत येईल, बसेल, रोशनी पाणी देईल. पाणी प्यायला दुपट्टा सोडावा लागतो.

आणखी तीन फेऱ्या. फार तर चार.

फोन वाजला. जया.

"दादा, झाली काय डिस्क?"

"पाहून राह्यलो."

"लवकर देजो ना. आन् काही पुसू नको बरं. ताईची डिस्क हाये. ते माह्या लॅपटॉपात राहीन, तं ताई माह्याजवळ हाये असं वाटीन मले."

आदेशनं फोन ठेवला आणि तिसरी फेरी लावली.

तिसऱ्या फेरीत रोशनी गुणगुणत नव्हती. दार वाजलं तशी ती दचकली. कडीशी जाऊन थांबली, मागे वळून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी उठले. दोघांनी मिळून दाराला हात लावले. उघडायला नव्हे, दाबून धरायला. तरी रोशनीचा हात कडीकडे गेला. तो हात तिचा नसल्यासारखा गेला. कडी निघाली, तो माणूस आत आला, खाटेवर बसला. भाऊजी म्हणाले, "या, बसा." ते तोंडानं म्हणाले. त्यांचे डोळे रडत होते.

संपलं.

मागच्या खेपेस असं नव्हतं, आदेशला वाटलं. मागच्या खेपेस ती गुणगुणत गेली होती. पण व्हिडिओ बदलतो कसा? झालेलं बदलतं कसं?

तेवढ्यात काउंटरची काच वाजली. दोनदा, थांबून एकदा.

काउंटरपलीकडे पांढरा दुपट्टा उभा होता.

आदेश काउंटरवरून कधी उडी मारून गेला ते त्याला कळलं नाही. त्यानं दुपट्ट्याचा पीळ मुठीत धरला आणि त्या माणसाचं डोकं काचेवर आपटलं. पुन्हा आपटलं. काच तडकली. "पाणी पाह्यजे तुले? पाणी पेतं काय, भडव्या?" तो ओरडत होता आणि आपटत होता. पांढऱ्या कापडावर लाल फुटून आलं. मागून गोपालभाऊंनी त्याच्या गळ्यात हात घालून त्याला मागे खेचलं, तेव्हा दुपट्टा सुटून आदेशच्या मुठीत आला.

सिंदी मेघेचे बापूराव होते. निवृत्त पोस्टमन. नातवाचा चार्जर न्यायला आलेले. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं होतं.

"मी काय केलं रे, बापा?" ते विचारत होते. "मी काय केलं?"

गोपालभाऊंनी आदेशच्या कानाखाली दोन वाजवल्या. मग बापूरावांना हाताला धरून स्कूटरवर बसवलं, दवाखान्यात न्यायला. जाता जाता म्हणाले, "शटर अर्धं ओढ आन् बसून राय. हलशीन तं तंगडं तोडीन. ते डिस्क काढून ठेव पह्यले."

५

आदेशनं शटर अर्धं ओढलं. डिस्क काढली नाही.

चौथ्या फेरीची एकेचाळिसावी प्रत उघडली, नवरदेव उतरला, बँड थांबला, कूलर घरघरला, खोली उजळली.

भिंतीवर आधीच रक्त होतं.

दार अजून वाजलं नव्हतं. कोणी आलेलं नव्हतं. भाऊजी खाटेवर बसले होते आणि त्यांच्या डोक्याची डावी बाजू आत गेलेली होती. त्या बाजूचा डोळा बंद, कानामागून काहीतरी बनियनवर ओघळत होतं. तरी ते बसले होते. हात मांडीवर ठेवून दाराकडे पाहत होते. रोशनी कोपऱ्यात घड्या करत होती, एका हातानं. दुसऱ्या हाताची बोटं उलटी वाकलेली होती.

दार वाजलं.

भाऊजींच्या तोंडातून आवाज निघाला, मार खाल्लेल्या जनावरासारखा. रोशनी उठली. भिंतीला धरत धरत दाराशी गेली. कडी काढली. तो आत आला, बसला. भाऊजींचे अर्धे ओठ हलले. या. बसा. रोशनी माठाकडे वळली.

संपलं.

व्हिडिओ तिथं संपत होता, आदेशला दिसत होता तेवढा. आतलं तिथं संपत नव्हतं. तो प्रत्येक फेरी लावत होता आणि आत प्रत्येक वेळी सगळं होत होतं, पाण्यापासून वरवंट्यापर्यंत, शेवटपर्यंत. आणि झालेलं पुसलं जात नव्हतं. फुटलेलं डोकं घेऊन त्यांना पुन्हा पहिल्यापासून दाराकडे पाहत बसावं लागत होतं.

असं काही नसतं, त्यानं स्वतःला सांगितलं. ऊन लागलंय मला. गोपालभाऊंना काळंच दिसलं होतं.

पण पुढच्या फेरीत रोशनी गिलास भरणार होती. त्याच्या पुढच्या फेरीत तो पिणार होता. अकरा महिने ज्या चेहऱ्यासाठी आदेशनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे हात, वरवंटा यानंच उचलला काय म्हणून, पाहिले होते, तो चेहरा तासाभराच्या अंतरावर होता.

"एकडाव," तो स्क्रीनला म्हणाला. "ताये, एकडाव सहन कर. मी त्याले सोडत नाई."

पाचवी फेरी लावली.

६

या वेळी खोली उजळली तेव्हा समोर खोली दिसली नाही. रोशनीचा चेहरा होता, अगदी जवळ. ती टेबलाशी येऊन वाकली होती. नाक नव्हतं. वरचा ओठ दातांवरून सुटला होता. एक डोळा मात्र तसाच होता, लहानपणी त्याची पाटी पुसून देताना असायचा तसा, थोडा रागावलेला.

"बाबू," ती म्हणाली. घरात त्याला तीच एकटी बाबू म्हणायची. "बस कर. तुह्या भाऊजीले आता दिसत नाई रे. दार वाजलं का मले विचारते, कोण आलं? मी काय सांगू त्याले?"

दार वाजलं. तिची मान त्या दिशेनं वळली. कोणीतरी केस धरून वळवावी तशी.

ती गेली. कडी काढली. तो बसला. तिनं माठातून तीन गिलास भरले; मोडक्या बोटांतून पाणी सांडत होतं. एक भाऊजींपुढे ठेवला, एक स्वतःचा ठेवला, तिसरा त्याच्यापुढे धरला. त्यानं चष्मा काढून खिशात घातला. डोळे सावलीत होते. हात वर गेला, कानामागे, जिथं दुपट्ट्याची गाठ असते. गाठ सुटली. एक पीळ खाली आला. हनुवटी दिसली. हनुवटीवर घाम होता, दोन दिवसांची दाढी होती.

संपलं.

आदेश किंचाळला. टेबलावरचा कीबोर्ड उचलून भिंतीवर मारला. मग खाली बसून माऊस हातात घेतला. एक फेरी. एकच. त्यानंतर नाव मिळेल, आणि नाव मिळालं की आदेशला वरवंटा लागणार नव्हता, हातच पुरले असते.

त्यानं बटण दाबलं.

सहावी फेरी सुरू झाली. एक, दोन, तीन प्रती. त्यानं डिस्क तळहातात धरली होती. ती ज्वर आलेल्या पोरासारखी तापत चालली. वीस. पंचवीस. बाहेर रस्त्यावर कोणीच नव्हतं. सव्वीसला लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालत राहिला. पंखा थांबला, दुकानातला कूलर थांबला.

कूलरचा घरघराट थांबला नाही.

तो त्याच्या तळहातातून येत होता.

त्या घरघराटाखाली बोलणं होतं. बारीक, खूप लांबचं. तेहेतीस. चौतीस. भाऊजींचा आवाज, पण शब्द बनत नव्हते. मग रोशनीचा, समजूत घातल्यासारखा: "कोणी नाई हो. कोणी नाई आलं. तुमी निजा." सदतीस. मग तीच, स्वतःशी: "लावली त्यानं पुन्हा."

अडतिसाव्या प्रतीला आदेशनं केबल ओढून काढली.

७

घरघराट चालूच होता.

त्याला नऊ हजार नऊशे सोळा आठवले. केबल असो, नसो, ड्रॉवरला कुलूप असो. ते तिथं बसूनच होते. उद्या ही डिस्क जयाच्या उशाशी असती.

हनुवटी अजून त्याच्या डोळ्यांपुढे होती. ठाण्यात नेऊन दिली तर त्यांना वरात दिसली असती. जगात एकाच माणसाला तो चेहरा पाहता आला असता, आणि त्यासाठी एकच फेरी पुरली असती. आदेश रडत होता, शिव्या देत होता, त्या माणसाला, पोलिसांना, स्वतःला. रडता रडताच त्यानं डिस्कचं आवरण स्क्रू-ड्रायव्हरनं फाडलं. आत हिरवी पट्टी, तिच्यावर नखाएवढ्या चार काळ्या चिप. बाकी काही नाही. एवढ्याशा जागेत दोन माणसं.

त्यानं पट्टी फरशीवर ठेवली आणि भंगार फोडायचा हातोडा घेतला.

पहिल्या घावाला कूलर थांबला.

खोलीतली शांतता त्याला ऐकू आली. दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीची, भर दुपारची.

दुसऱ्या घावाला कोणीतरी कण्हलं. आदेशनं हातोडा अर्ध्यावर थांबवला. ही सुटका होती की अकरा महिने जे होत होतं तेच, फक्त आता हातोडा भावाच्या हातात? त्याला माहीत नव्हतं. सांगणारं कोणी नव्हतं. त्यानं तिसरा घाव घातला आणि भाऊजींचं कण्हणं मधेच तुटलं, अर्ध्या श्वासावर.

चौथी चिप उरली.

तिच्यातून एकाच माणसाचा श्वास येत होता. फुटलेल्या नाकातून, घरघरत. पण आदेशनं तो ओळखला. दहा वर्षं तो त्या श्वासाशेजारी एकाच चटईवर झोपला होता. श्वास घाबरलेला होता. वाट पाहत होता.

तो गुडघ्यांवर खाली वाकला, तोंड फरशीपाशी नेलं.

"ताये," तो म्हणाला, "मी हाये. डोळे मिट."

तिला डोळा मिटायला लागेल तेवढा वेळ तो थांबला. मग सगळा जोर लावून त्यानं हातोडा मारला, म्हणजे दुसरा मारावा लागू नये.